दरोगा त्याच्यावरच का धावतो

गाझियाबाद
११ नोव्हेंबर २०२४

आदरणीय विशाखाताईंना
नंदाचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. तुमची तब्येत कशी आहे? कानाचं मशीन लावता का, की अजून डबीतच आहे? यंदा दीक्षाभूमीला जाणं झालं का, हे लुंबिनी सारखं विचारते. तिनं तुमच्या मोबाइलवर फोटो पाठवलेत आणि तुम्ही ते उघडत नाही म्हणून ती रुसली आहे. मी तिला म्हटलं, आत्याशी बोलायचं तर कागदावर बोलावं लागतं. तर म्हणाली, "मम्मी, यार, लिहायला बसलं की मराठी शब्दच येत नाहीत." दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहायला लागल्यापासून तिचं मराठी आणखीनच पातळ झालंय. परवा खुराड्याला 'मुर्ग्यांचं घर' म्हणाली.

इकडे धुरानं जीव नकोसा झालाय. सकाळी गॅलरीतून समोरचं घर दिसत नाही. आमची शाळा बंद ठेवणार असं ऐकते, म्हणजे मला पुन्हा मोबाइलसमोर बसून मुलांना भूगोल शिकवावा लागणार.

पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. हसू नका. मला कोंबड्याबद्दल विचारायचंय. घरात जन्मभर कोंबड्या पाळलेलं माणूस माझ्या ओळखीत तुम्हीच.

गेल्या हिवाळ्यात अतुल ऑफिसमधून येताना पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लं घेऊन आला होता, ते तुम्हाला कळवलं होतं. रिटायरमेंट जवळ आली की लोक देवदर्शनाला निघतात, हा कोंबड्यांकडे वळला. म्हणाला, पुलगावच्या परसातला आवाज पाहिजे. आता आमच्याकडे तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्याचं नाव लुंबिनीनं दरोगा ठेवलं, कारण लहानपणापासून त्याची चालच ठाण्यातल्या साहेबासारखी. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली त्यांचं राज्य. अतुलनं दरोग्याला अक्षरशः मांडीवर वाढवलाय. थंडीत बल्बखाली ठेवला, हातानं कणी भरवली. सुट्टीच्या दिवशी हा पेपर वाचत बसला की तो खांद्यावर चढून बसायचा.

तोच दरोगा दसऱ्यापासून अतुलच्या अंगावर धावतो.

पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही हसलो. अतुल दाण्यांचं भांडं घेऊन अंगणात उतरला. दरोगा पेरूखालून आला, एक पंख खाली पाडून तिरका तिरका नाचला, मानेची पिसं छत्रीसारखी फुलवली आणि उडून पोटरीवर पाय मारले. पायजमा फाटला. तेव्हापासून हे रोजचं. पायामागचे काटे चांगले बोटाच्या पेराएवढे झालेत ताई, दोनदा रक्त आलं.

मला कळत नाही ते हे, की तो फक्त अतुललाच का मारतो? मी आत गेले तर माझ्या हातातून खातो. लुंबिनी आली तर तिच्या ओढणीशी खेळतो. शेजारच्या त्यागी आंटी भिंतीपलीकडून पोळीचे तुकडे टाकतात, त्यांना तर ओळख देतो. आम्ही सगळं करून पाहिलं. अतुलनं चपला बदलल्या, लाल स्वेटर घालणं सोडलं, छत्री घेऊन गेला. छत्रीनं तर तो जास्तच चवताळला. त्यागीजी म्हणतात, "भाभीजी, मुर्गा जवान हो गया है, अब ये किसी का नहीं." त्यांची झोप पहाटेच्या आरवण्यानं मोडते, तेव्हा त्यांचा सल्ला जरा त्यांच्या सोयीचाही आहे.

अतुल वरवर हसतो, पण त्याला फार लागलंय. काल म्हणाला, "मी काय केलंय त्याचं?"

तुम्ही काय सुचवाल ते लिहा. फोन करू नका. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मला ओरडून बोलावं लागतं, आणि घर लहान आहे.

तुमची
नंदा

ता.क. बाबा होते तेव्हाही तुमच्याकडे एक मोठा कोंबडा होता ना, काळा? तो बाबांच्या अंगावर जायचा का? सहज विचारते.


गाझियाबाद
९ डिसेंबर २०२४

आदरणीय ताई,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र पोचलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी! वाचता वाचता तुमच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. तुमचं ऐकून मी आता शाळेतून आले की अंगणातल्या पायरीवर नुसती बसते आणि बघते. खरं सांगू, मी वर्षभर त्यांना दाणे टाकले, पण बघितलं नव्हतं.

तुम्ही लिहिलंत तसंच आहे. दरोग्याला काही चांगलं सापडलं, किडा म्हणा, भाकरीचा तुकडा म्हणा, की तो स्वतः खात नाही. चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, आणि घशातून टुक टुक टुक असा बोलावतो. कोंबड्या धावत येतात. त्या खात असताना हा मान वर करून आभाळाकडे बघत उभा. इकडे घारी किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे, कचऱ्याच्या डोंगरापासून इथवर नुसत्या फिरत असतात. घार खाली आली की तो एकच लांब, बारीक किंकाळी फोडतो आणि कोंबड्या जागच्या जागी दगड होतात. मांजर भिंतीवर आलं तर आवाज वेगळा, तुटक तुटक, नळावर भांडण लागल्यासारखा. मग त्या पळतात. मला आता आतून भाजी चिरतानाही कळतं, वरून संकट आहे की खालून.

म्हणजे तो दुष्ट नाही, हे पटलं. तो कामावर आहे. तुम्ही म्हणता की कोंबडा चेहरा बघून वैर धरत नाही, तो चालणं बघतो. कोण कसं येतं, सरळ येतं की थांबत थांबत, मान वर आहे की खाली. पळालं तर तो जिंकला, लाथ मारली तर ती झुंज झाली. बादली घेऊन जायचं, अंगानं थोडं तिरकं, त्याच्याकडे टक न लावता, आपल्याला आपलं काम आहे अशा चालीनं जायचं. मी हे सगळं अतुलला वाचून दाखवलं. पत्रातला शेवटचा परिच्छेद सोडून.

सहा डिसेंबरला आपल्या मंडळींचा कार्यक्रम झाला. दरवर्षी वंदना अतुलच घेतो हे तुम्हाला माहीत आहे. त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत माइकशिवाय जायचा. या वेळी मागून कुणीतरी "आवाज, आवाज" म्हणालं. मग परीक्षितनं, म्हणजे त्याच्या ऑफिसातल्या तरुण सहकाऱ्यानं, माइक पुढे धरला. घसा बसलाय, धुरानं. सगळ्यांचाच बसलाय. घरीसुद्धा त्यानं "तिऽ तिऽ तिऽ" केलं की कोंबड्या पूर्वी उडत यायच्या, आता मान वळवून बघतात आणि परत माती उकरतात.

परतताना गाडी फाटकाला घासली. धुकं होतं. मी शेजारी बसले होते, मला फाटक दिसत होतं, पण गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर समोरच्यांचे दिवे येतात ना.

लुंबिनी आली होती. बापाचा हात धरून म्हणाली, "पप्पा, इतके का गंभीर दिसता फोटोत? स्माइल तर द्या." तो म्हणाला, देतोय की.

तुम्ही विचारलंत की अतुलच्या चालण्यात अलीकडे काही बदल झालाय का. नाही. चालणं ठीक आहे. थंडीत गुडघे आखडतात तेवढंच. तुमच्या घराण्यात सगळ्यांचेच आखडतात असं तुम्हीच म्हणता.

बाबांच्या काळ्या कोंबड्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. नसेल आठवत. राहू द्या.

सांभाळून राहा. पहाटे पाण्याला बाहेर पडू नका.

तुमची
नंदा


गाझियाबाद
११ जानेवारी २०२५

ताई,

आज मायना नीट लिहीत नाही, रागावू नका. अतुल आत झोपलाय, तो उठायच्या आत मला हे लिहून टाकायचंय.

मागच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. चालणं ठीक नाही. डावा पाय तो उचलत नाही, ओढतो. चपलेचा खस्स खस्स आवाज येतो आणि मी स्वयंपाकघरात मिक्सर लावते, म्हणजे मला तो ऐकू येऊ नये. डावा हात चालताना हलत नाही, नुसता अंगाला चिकटून असतो. मान पुढे. दाराच्या उंबऱ्याशी आला की एकदम थांबतो, जणू पुढे पाणी आहे. चेहऱ्यावर काही उमटत नाही, डोळे लवत नाहीत. सकाळी शर्टाची वरची बटणं मी लावते. दोघांपैकी कुणीच कधी ठरवलं नाही की मी लावायची, पण उन्हाळ्यापासून मीच लावते. दूध करपलेलं त्याला कळत नाही, खुराड्याचा उग्र वास येत नाही. हे सगळं मला एकेक करून माहीत होतं. एकत्र मी मांडत नव्हते.

परवा तो पडला. दाणे घेऊन अंगणात उतरला, पायरीशी थांबला, दरोगा फुलून पुढे आला. माणूस पडताना हात पुढे टाकतो ना ताई? त्यानं टाकले नाहीत. लाकडाच्या ओंडक्यासारखा सरळ तोंडावर. हनुवटी फुटली. त्यागीजी भिंतीवरून उडी मारून आले, तेच त्याला कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, चक्कर आली होती का? हा म्हणाला, "नहीं, नहीं, मुर्गे ने गिरा दिया." सगळे हसले. टाके घालता घालता डॉक्टरही हसला. अतुलपण हसल्यासारखं करत होता.

मी एकटी हसले नाही. कारण मी दारात उभी होते आणि मी पाहिलं होतं. दरोगा त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

घरी आल्यावर अतुल म्हणाला, "रविवारी कोंबडीवाल्याला बोलावतो. कापून टाकू दे." ज्यानं त्याला मांडीवर वाढवला, तो हे म्हणाला. मी म्हटलं, नको. आमचं भांडण झालं. इतकं की त्यागी आंटींनी टीव्हीचा आवाज कमी केला. तो म्हणत होता, "मी मोठा की कोंबडा?" आणि मला त्याला सांगता येत नव्हतं, की मला कोंबड्याचं पडलेलं नाही. मला भीती वाटते ती वेगळीच. दरोगा गेला की अंगण शांत होईल, सगळा दोष त्याच्या मानेबरोबर जाईल, आणि आम्ही दोघं पुन्हा आधीसारखे बटणं लावत, मिक्सर लावत बसू. आणि अतुल गाडी घेऊन रस्त्यावर जाईल.

आज सकाळी तो आंघोळीला गेला होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक. मी त्याच्या चपला पायात घातल्या आणि अंगणात उतरले. नेहमीच्या माझ्या चालीनं गेले. दरोगा पेरूखाली उकरत होता, त्यानं बघितलंसुद्धा नाही. मग मी परत पायरीवर आले. मान पुढे काढली. डावा हात अंगाशी धरला. डावा पाय ओढत, खस्स, खस्स, अशी चार पावलं गेले, एकदम थांबले, आणि त्याच्याकडे टक लावून बघत उभी राहिले.

दरोग्यानं मान वर केली. एक पंख खाली पडला. तिरका तिरका यायला लागला. माझ्या हातातून खाणारा कोंबडा, ताई. मानेची पिसं फुलली, डोकं जमिनीपाशी आलं आणि तो माझ्या गुडघ्यावर उडाला.

मी तुमचं ऐकलं. पळाले नाही. सरळ झाले, अंग तिरकं केलं, आणि पाय नीट उचलत माझ्या रोजच्या चालीनं त्याच्या बाजूनं पुढे गेले. तो गोंधळला. पिसं बसली. दोन वेळा जमिनीवर चोच मारली, जणू काही झालंच नाही.

वळून पाहते तर स्वयंपाकघराच्या दारात अतुल. ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर.

"परत चाल," तो म्हणाला.

"काय?"

"आत्ता चाललीस तशी. परत चाल."

माझ्यानं होईना. मी त्याच्या चपला पायात घालून तशीच उभी राहिले.

"मी असा चालतो?"

मी खाली वाकून त्याच्या चपला काढल्या.

"बाबा असे चालायचे," तो म्हणाला. मग पायरीवर बसला. बसला म्हणजे शेवटचं अंतर पडलाच. मी जाऊन शेजारी बसले.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"उन्हाळ्यापासून. तुला?"

"तुझ्या आधीपासून. ऑफिसात सही जुळत नाही म्हणून दोन कागद परत आले होते. अक्षर मुंगीएवढं झालंय माझं."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"नाव ऐकायचं नव्हतं. नाव ठेवलं की ते घरात राहायला येतं."

मी विचारलं, आता जाशील का? तो दरोग्याकडे वळला. मग हो म्हणाला. म्हणाला, लुंबिनीला मी सांगेन, तू नको. आणि मग म्हणाला, "एक कर. ताईला कळू देऊ नकोस. बाबांचं सगळं तिनं एकटीनं केलं. नोकरी सोडून केलं. मी सुट्टीत जायचो आणि परतीच्या गाडीत झोपायचो, ती तिथेच असायची. पुन्हा तिच्यापुढे हेच नको. ती उठून येईल आणि परत तेच सुरू करेल."

मी म्हटलं, बरं.

ताई, मी त्याला बरं म्हटलं, आणि तो झोपल्यावर तुम्हाला हे पत्र लिहायला बसले. मी काय करू? तो तुम्हाला वाचवायला बघतो. मी त्याला. आणि मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही, ज्याला मी विचारू शकेन. पण जे विचारायचंय ते आजही लिहवत नाही.

उद्या रविवार. कोंबडीवाला येईल तेव्हा दार मी उघडणार आहे.

नंदा


गाझियाबाद
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुम्हाला इतके दिवस ताटकळत ठेवलं. आज सगळं क्रमानं लिहिते.

त्या रविवारी कोंबडीवाला आला. दार मी उघडलं, पण बोलला अतुल. माझ्या मागून येऊन म्हणाला, "नहीं भैया, रहने दो, मूड बदल गया." तो माणूस पिशवी घेऊन परत गेला. दरोगा तेव्हा भिंतीवर चढून आरवत होता आणि त्यागीजी पलीकडून काहीतरी पुटपुटत होते.

मग आम्ही सरकारी हॉस्पिटलच्या मेंदूविकाराच्या ओपीडीत गेलो. लुंबिनी सोबत होती. तिला अतुलनं स्वतः सांगितलं, करोल बागेत. तिला कोट घ्यायचा होता म्हणून दोघं गेले होते. दुकानाबाहेर चहा पिताना सांगितलं म्हणे. ती घरी आली ती कोट न घेताच. माझ्याशी दिवसभर बोलली नाही. नंतर म्हणाली, "मला का नाही सांगितलंत? मी काय पाहुणी आहे?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी अतुलला बोळातून चालवलं, वळायला लावलं, अंगठ्यावर बोट भराभर आपटायला सांगितलं, एक ओळ लिहायला सांगितली. त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. पहिलं अक्षर वाचता येत होतं, शेवटचं नाही. मग त्यांनी नाव सांगितलं. पार्किन्सन्स. अतुलनं मान हलवली, जणू हजेरीत आपलं नाव पुकारलं. मलाच उठून पाणी प्यावं लागलं.

त्या म्हणाल्या, सुरुवातीचा टप्पा आहे, गोळ्या आहेत, व्यायाम आहे, बरीच वर्षं चांगली जातात, काम करता येतं. गाडी तूर्त नको. अतुलनं लगेच किल्ली माझ्या हातात दिली, तिथेच. बाबांचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, बहुतेक घरांत हा आजार पुढच्या पिढीत जात नाही, क्वचित जातो. लुंबिनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. अतुलनंच विचारलं, "और मेरी बेटी?" त्या म्हणाल्या, खात्री मी कुणाचीच देत नाही, पण घाबरून जगण्याचं कारण नाही. लुंबिनीनं गुंडाळलेलं टोक सोडलं. बोट पांढरं पडलं होतं.

गोळ्यांनी आधी मळमळायचं, आता बरं आहे. जादू झाली नाही. पाय पूर्वीपेक्षा उचलला जातो. सकाळची गोळी लागू पडेपर्यंत तो तसाच असतो, ती वेळ अजून मला सहन होत नाही, मी काहीतरी काम काढते. अंगणात उतरताना तो मोठ्यानं म्हणतो, "टाच, मग बोटं." दरोग्याचा अजून भरवसा नाही. बादली घेऊन, अंगानं तिरका, अतुल जातो. परवा पिसं फुलवून आला होता, अतुल जागेवर थांबला, थरथरतच, पण पळाला नाही, मग बाजूनं निघून गेला. मी दारात जीव मुठीत धरून. नंतर मला म्हणाला, "तू बघत उभी राहिलीस की मला जास्त भीती वाटते." म्हणून आता मी दारात उभी राहत नाही. खिडकीतून बघते.

आता तुमच्या पत्राचं.

ते नेमकं अतुलच्या हाती पडलं. मी शाळेत होते. घरी आले तर तो टेबलाशी बसलेला, पाकीट फोडलेलं, तुमचा कागद समोर. एवढ्या मोठ्या कागदावर तुम्ही दोनच शब्द लिहिले होते. येऊ का.

"तू ताईला सांगितलंस," तो म्हणाला.

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला नाही. संध्याकाळी मी पोळ्या करत होते तेव्हा आत येऊन ओट्याला टेकून उभा राहिला. म्हणाला, "दोनच शब्द लिहिलेत. रागावली असेल." मी म्हटलं, रागावल्या असत्या तर चार पानं लिहिली असती. तेव्हा त्याचा चेहरा हलला ताई. हसणं नव्हतं नीट, पण हलला. आणि मग तो रडला. मी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि त्याला धरून उभी राहिले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हासुद्धा.

त्याचा निरोप असा आहे, शब्दाला शब्द लिहिते: "ताईला म्हणावं ये, पण बहीण म्हणून ये. मला हात धरून उठवायचं नाही. माझं ताट मी घेईन. तिला लाल किल्ला दाखवायचा राहिलाय, तो दाखवीन, मेट्रोनं." हे सांगताना तो गंभीर होता, तेव्हा तुम्हीही गंभीरपणे घ्या.

माझा निरोप वेगळा आहे.

पहिल्या पत्रापासून मी तुम्हाला एक गोष्ट विचारायला बघते आहे आणि कोंबड्याच्या आड लपते आहे. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार, म्हणून तुम्ही काळ्या कोंबड्याचं उत्तर दिलं नाहीत. मला विचारायचं होतं, बाबांचा शेवट कसा झाला. मी तेव्हा इथे होते, लुंबिनी पोटात होती, मला कुणी नीट सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. गेले कित्येक महिने मी तो शेवट मनानंच रचते आहे, आणि दर वेळी तो आधीपेक्षा वाईट होतो.

आता मला तो नको आहे. यायचा तेव्हा येईल आणि तेव्हा मी तुम्हाला विचारीन. तुम्ही आलात की मला मधली वर्षं सांगा. पाय ओढायला लागल्यानंतरची आणि अंथरुणाला खिळायच्या आधीची. ती पुष्कळ होती, हे मला माहीत आहे. त्या वर्षांत सकाळी उठल्यावर बाबा पहिलं काय बोलायचे? कुठे जायचे? तुम्ही दोघं कशावरून भांडायचात? ते कशाला हसायचे? तुम्ही थकून बाहेर येऊन बसायचात तेव्हा कोण यायचं तुमच्याजवळ?

आणि ताई, कुणी येत नसेल, तर तेही सांगा. मला ते आधीच कळलेलं बरं. तुम्हालाही ते इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नसेल.

या. दिवस कळवा, मी स्टेशनवर येते. एकटी येईन, म्हणजे रिक्षात आपल्याला बोलता येईल. मशीन कानात घालून या.

वाट पाहणारी,
तुमच्या भावाची बायको नव्हे, तुमची
नंदा